बसलेल्या घशाचा निरोप

त्या सोमवारचा विषय निघाला की आजही मी खुर्चीत ताठ बसतो. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण सकाळच्या हजेरीला सुरू झालेली धडधड दिवस कलेपर्यंत थांबलीच नाही, असा तपास माझ्या वाट्याला एकदाच आला. संबंधितांची नावं मी देणार नाही. त्यातली बहुतेक मंडळी आज सुखानं जगताहेत आणि त्यांनी तसंच जगावं.

निवृत्ती जवळ आली होती. मी देऊळगाव राजाला ठाणेदार होतो. हजेरी झाली होती, ड्युट्या वाटून झाल्या होत्या, कोर्टाचं काम पाहणारा शिपाई समन्सची पिशवी खांद्याला लावून निघाला होता. तेवढ्यात गावातल्या एक वकीलबाई जवळजवळ पळतच ठाण्यात शिरल्या.

या बाईंना सगळं ठाणं ओळखत होतं. वय पस्तिशीचं. बौद्ध कुटुंबातल्या. वडील एसटीत कंडक्टर होते. लेकीनं स्वतःच्या हिमतीवर वकिली उभी केली होती. मारहाणीची, पोटगीची, मुलांच्या ताब्याची प्रकरणं त्या चालवत. उलटतपासणीत माझ्या अंमलदारांना घाम फोडणारी बाई. त्या दिवशी घाम त्यांच्याच कपाळावर होता.

"साहेब, माझ्या पक्षकार बाईचा पत्ता फुटलाय. तिच्या नवऱ्याच्या हाती गेला असणार."

"कोणी फोडला?"

"माझ्या असिस्टंटनं दिला. पण तिला वाटलं, मीच मागतेय."

मला काही उलगडेना. "तुमच्या ऑफिसात तर तुम्ही एकट्याच बसता."

"ती ऑफिसात नसते साहेब. व्हर्च्युअल असिस्टंट आहे ती."

माझे जमादार शेजारी उभे होते. त्यांनी मान पुढे काढली. "म्हंजे मशीन हाय का मॅडम? ते मोबाइलमंदी बोलते तसं?"

"मशीन नाही हो. चांगली हाडामांसाची बाई आहे. जळगाव जामोदला राहते, घरी बसून माझं काम करते."

मग त्यांनी भराभर सांगितलं. एकट्यानं वकिली करणारा माणूस दिवसभर कोर्टात उभा राहतो. तेवढ्या वेळात फोन कोण उचलणार, पक्षकारांना तारखा कोण कळवणार, अर्ज कोण टाइप करणार? जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेली ही बाई त्यांच्यासाठी ते सगळं करत होती. दोघी रोज बोलत, एकमेकींची सुखदुःखं ऐकत. समोरासमोर भेट मात्र एकदाही झाली नव्हती.

त्या सकाळी असिस्टंटनं नेहमीप्रमाणे दिवसाची कामं विचारायला फोन केला. पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, घसा कसा हाय आता? काढा घेतला का?"

वकीलबाई म्हणाल्या, "कसला घसा? मला काय झालंय?"

असिस्टंट चाचरत म्हणाली, "काल संध्याकाळी तुमीच तं बोलून राह्यल्या होत्या..."

आदल्या संध्याकाळी तिच्या मोबाइलवर एका नव्या नंबरवरून बोललेला निरोप आला होता. नंबरावर फोटो वकीलबाईंचा. तो त्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रावरून उचललेला होता. असिस्टंटनं तो निरोप वकीलबाईंकडे पाठवला आणि त्यांनी तो माझ्या टेबलावर वाजवला. बसस्टँडसारखा गलका आणि त्यात एक घोगरा, बसलेला बायकी आवाज:

"अगं, माझा मोबाइल बिघडला. हा घरातला दुसरा नंबर. घसा पार बसलाय माझा, बोलता येत नाही. मले त्या मायलेकींचा पत्ता लवकर पाठव, उद्या कोर्टाचे कागद द्यायचेत."

पत्ता गेला होता. रात्र उलटून गेली होती. आणि त्या मायलेकीतल्या आईचा फोन सकाळपासून बंद येत होता.

ती बाई मला माहीत होती, कारण तिची फिर्याद आमच्याच ठाण्यात दाखल होती. माहेर देऊळगाव राजाचं, सासर घाटाखाली, जळगाव जामोदकडे. नवरा हात उगारायचा. मुलीवरही उगारायला लागला, तेव्हा ती लेकीला घेऊन निघून आली. माहेरी येऊनही त्यानं धिंगाणा घातला, म्हणून वकीलबाईंनी तिला चिखली तालुक्यातल्या अमडापूरला एका खोलीत ठेवलं होतं. तिथं ती कपडे शिवून गुजराण करत होती. पोरगी पहिलीत. खोलीचा ठावठिकाणा बाईच्या वडिलांनाही सांगितलेला नव्हता. फक्त वकीलबाई आणि त्यांची असिस्टंट, दोघींनाच माहीत. पुढच्याच आठवड्यात कोर्टात त्या बाईची साक्ष होती. तिनं साक्ष दिली असती तर नवऱ्याची सुटका नव्हती.

मी अमडापूरच्या हद्दीतल्या ठाण्याला फोन लावला. त्यांच्या बीट अंमलदारानं खोलीवर जाऊन थोड्या वेळात उलट फोन केला. "साहेब, खोलीले कुलूप हाय. शेजारीण म्हणते, सकाळी कोर्टाची गाडी आली होती, मायलेकी तिच्यात बसून गेल्या."

"कोर्टाची गाडी?"

"हो साहेब. वकीलबाईनं पाठवली म्हणे."

वकीलबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. कोर्ट कोणाला गाडी पाठवत नाही, हे आम्हाला ठाऊक. कोर्टाची पायरी भीत भीत चढणाऱ्या बाईला कुठून ठाऊक असणार?

स्टेशन डायरीत नोंद करवली, वरिष्ठांना कळवलं, जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला. एक महिला शिपाई आणि वकीलबाई यांना घेऊन मी स्वतः जीपमध्ये बसलो. आमच्या पोरसवदा ड्रायव्हरला एवढंच म्हणालो, "चालव."

निघताना सायबरचा अंमलदार फोनवर मोठ्या उत्साहात सांगत होता की साहेब, हल्ली संगणकावर कोणाचाही हुबेहूब आवाज तयार करता येतो. तो नंबर बंद झाला होता आणि सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर होतं. मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर. माझा अनुभव वेगळा होता. गुन्हेगार सोपा रस्ता सापडला की अवघड रस्त्यानं जात नाही. घसा बसला म्हटलं की कोणाचाही आवाज कोणाचाही म्हणून खपतो. त्याला संगणक कशाला हवा?

जमादारांचा कल दुसरीकडे होता. त्यांनी मला दाराशी हळूच सांगितलं होतं, "साहेब, ते असिस्टंटच सामील असन. नवऱ्याच्या गावापासून तिचं गाव काही लांब नाई." पोलिसाच्या दृष्टीनं त्यात चूक काही नव्हती. पत्ता दोघींना माहीत, एक समोर बसलेली, मग संशय दुसरीवरच जाणार. मी जळगाव जामोदच्या ठाणेदारांना फोन लावला. ते माझे जुने सहकारी. म्हटलं, या बाईला ठाण्यात बोलावून घ्या.

ते म्हणाले, "बोलावू कशाला? ती मघापासून माझ्यासमोर बसली आहे. स्वतःहून आली."

संशयिताची चौकशी धावत्या जीपमधून व्हिडिओ कॉलवर करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. पडद्यावर चाळिशीची एक बाई दिसली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या म्हणून घराबाहेरची नोकरी सोडलेली, नवरा शिक्षक, असं त्या ठाणेदारांनी आधीच सांगितलं होतं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी तिचा चेहरा वर-खाली होत होता आणि रेंज मधूनमधून दगा देत होती.

"पत्ता कोणाकोणाला दिला?"

"त्या एकाच नंबरले साहेब. मले वाटलं मॅडमच हायेत."

"नवऱ्याकडच्या कोणाशी ओळख?"

"नाई साहेब. गावाचं नाव तेवढं माहीत हाय, कागदावर टाइप केलं म्हणून." मग ती एकदम पुढे सरकली. "साहेब, चूक माहीच हाय. माही चौकशी उद्या करा, परवा करा, मी कुठी पळून नाई जात. पण आधी त्याईले शोधा. त्या पोरीले दम्याचा तरास हाय."

खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायच्या मागे असतो. ही बाई स्वतःवर आळ ओढून घेत होती आणि मला घाई करायला लावत होती. मी फोन वकीलबाईंच्या हातात दिला. वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "तिथंच थांब. तू लागशील."

फोन ठेवल्यावर त्या तो घोगरा निरोप पुन्हा पुन्हा ऐकू लागल्या. आणि अचानक त्यांनी माझा दंड धरला.

"साहेब, ऐका! 'मले' म्हणतेय ही."

मी ऐकलं. खरंच, 'मले'. मी स्वतः वऱ्हाडातला, जमादार वऱ्हाडातले, असिस्टंट तर घाटाखालचीच. आमच्या कोणाच्याच कानाला ते खटकलं नव्हतं, कारण आम्ही घरी तसंच बोलतो. पण देऊळगाव राजाकडचं बोलणं जालन्याच्या वळणाचं. वकीलबाई कधी चुकूनही 'मले' म्हणत नसत. म्हणजे नक्कल करणारीनं बाकी सगळं सांभाळलं होतं, पण घाईत एक शब्द स्वतःच्या बोलीतला निसटला होता. आवाज संगणकाचा नव्हता. घाटाखालच्या जिवंत बाईचा होता.

अमडापूरला पोचलो. शेजारणीकडे खोलीची किल्ली होती. पंचांसमक्ष कुलूप काढलं. शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाउज, ताटलीत पोह्यांचे दोन घास उरलेले, खुंटीला पोरीचं दप्तर. आणि खिडकीत दम्याचा पंप. आई लेकीला घेऊन किती घाईनं निघाली असेल, ते त्या पंपावरून कळत होतं.

शेजारीण म्हातारी होती, पण डोळ्यांनी तीक्ष्ण. "गाडीत एक बाई होती. तोंडाले रुमाल बांधेल, घसा बसेल. म्हणे, आज अचानक तारीख लागली, वकीलबाईनं न्याले पाठवलं. मायलेकी आवरत होत्या तवर मी तिले माह्या ओट्यावर पाणी देल्लं."

"पाणी पिताना रुमाल काढला असेल ना?"

"हाव. हनवटीवर गोंदेल हाय तिच्या, तीन ठिपके."

वकीलबाई एकदम माझ्याकडे वळल्या. "ही माझ्या ऑफिसात येऊन गेलीय, साहेब. मागच्या महिन्यात. पोटगीचा दावा करायचाय म्हणून बराच वेळ बसली. मी तिच्यासमोरच असिस्टंटशी स्पीकरवर बोलत होते. जाताना म्हणाली, तुमची ही बाई कुठं बसते हो, लय चांगलं काम करते. मी कौतुकानं सगळं सांगितलं, तिचा नंबरही दिला. नंतर ती कधी फिरकलीच नाही."

मी पक्षकार बाईच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, तुमच्या जावयाच्या नात्यात हनुवटीवर गोंदलेली बाई कोण?

"जावयाची बहीण, साहेब," ते म्हणाले. "चिखलीत दिलेली. का हो? माझी लेक बरी आहे ना?"

मी म्हणालो, "दिवस मावळायच्या आत सांगतो." आयुष्यात दिलेलं ते सगळ्यात धाडसी आश्वासन होतं.

चिखलीच्या ठाण्याला कळवलं आणि जीप मागे वळवली. आम्ही पोचलो तेव्हा ती नणंद महिला शिपायासोबत बाकावर बसलेली होती. मायलेकींना गाडीत बसवून दिल्यावर अमडापूरच्या फाट्यावर तिचा भाऊ गाडीत चढला, ती उतरली होती आणि बसनं घरी येऊन भाकरी थापत होती.

चौकशी म्हणजे दरडावणं, असा लोकांचा समज आहे. माझ्या मते दरडावलं की माणूस कासवासारखा आत जातो. मी तिला चहा मागवला. महिला शिपाई आणि वकीलबाई दोघी शेजारी बसल्या.

"सकाळी कुठं गेला होता?"

"सकाळी कुठी गेली होती? मी तं घरीच होती साहेब."

प्रश्न आधी परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं. याचा अर्थ माणूस मनात उत्तर जुळवतोय. मी जप्त केलेला पंप पिशवीसकट तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिनं एकदा पाहिलं, नजर चहाकडे नेली, पुन्हा पंपाकडे आली. "हे काय हाय?"

"तुमच्या भाचीचा पंप. खोलीतच राहिलाय."

कप तिच्या हातात तसाच राहिला. "पण... तिच्या आईपाशी दुसरा असन."

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "एकच होता. गेल्या थंडीत तिला दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. घाबरली की तिचा दम वाढतो."

"तुम्ही तिला गाडीत बसवलं तेव्हा ती घाबरली होती का?" मी विचारलं.

ती बाई ढसाढसा रडायला लागली. "मले काय माहीत होतं साहेब! भाऊ म्हणे, फक्त समजूत घालाची हाय, साक्ष नको देऊ म्हणाचं हाय. पोरगी माह्याच मांडीवर होती गाडीत, रुमाल सरकला तं तिनं वळखलं मले. आत्या, आपण कुठी चाल्लो, म्हणे. मी उतरली तं रडून राह्यली होती."

"कुठं नेलंय?"

"शेतातल्या खोलीवर. पहाडाच्या लागून. मायही तिथीच हाय माही." तिनं शेताचा रस्ता सांगितला. नाल्यावरचा पूल, पुढे संत्र्याची बाग, बागेच्या मागे टिनाची खोली. सांगता सांगता माझ्याच हाताला धरून म्हणाली, "पण लवकर जा साहेब, लवकर जा."

मी जळगाव जामोदच्या ठाणेदारांना रस्ता सांगितला, पंपावरचं औषधाचं नाव वाचून दाखवलं. "मेडिकलमधून हा घेऊनच निघा."

ते म्हणाले, "ही असिस्टंट बाई सोबत यायचं म्हणते. ऐकत नाही."

नियमानं मी नको म्हणायला हवं होतं. पण वकीलबाईंनी माझ्या हातातला फोन ओढून सांगितलं, "तिला न्या साहेब. माझी पक्षकार एकदा फसली आहे. आता ती खाकी कपड्यावर विश्वास ठेवणार नाही. हिचा आवाज ती ओळखते."

मी होकार दिला. असिस्टंटनं वाटेतल्या मेडिकलमधून पंप घेतला आणि पदराला बांधला. त्यांचा फोन चालूच ठेवला होता. चिखलीच्या ठाण्यात टेबलावर माझा मोबाइल, भोवती मी, वकीलबाई, महिला शिपाई, आणि ती नणंदही. कोणी तिला बाहेर जा म्हटलं नाही.

जीपचा घरघराट ऐकू येत होता. मग गाडी थांबली. कुत्र्यांचं भुंकणं. कोणीतरी ओरडलं, "पळाला, पळाला, बागेतून पळाला!" बुटांचे आवाज. त्याच क्षणी फोन कट.

पहाडाच्या आडोशाला रेंज गेली होती. आम्ही चौघंही त्या मोबाइलकडे असे पाहत होतो, जणू तो आता श्वास घेईल. वकीलबाई खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होतो. बऱ्याच वेळानं लागला, आणि त्या ठाणेदारांचा दबका आवाज आला.

"नवरा पळालाय, माझी माणसं मागावर आहेत. त्याची म्हातारी आई अंगणात बसलीय. पण खोलीला आतून कडी आहे. नवरा बाहेर आला तशी बाईनं आतून लावून घेतली. आता आमच्यासाठीही उघडत नाही."

आणि मग मागून, पत्र्याच्या दाराआडून, त्या पक्षकार बाईचा आवाज आला. "कोर्टाचे म्हणून आलात, आता पोलीस म्हणून आलात! जवळ याल तर बघा, माझ्या हातात विळा आहे!"

तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. बारीक, शिट्टीसारखा. पोरीचा श्वास.

"दार तोडू का?" ठाणेदारांनी मला विचारलं.

"दाराला लागून पोरगी असेल तर?"

कोणी काही ठरवायच्या आत असिस्टंट पुढे झाली असणार, कारण तिचा आवाज फोनवर अगदी जवळून आला. सकाळी रडून बोलणारी बाई ती हीच का, असं वाटावं इतका तो स्थिर होता.

"ताई, मी बोलते. तारखेच्या आदल्या दिवशी फोन करते ना, ती."

आतून प्रश्न आला, "तुम्ही? तुम्ही तर फोनवर असता."

"आज आली ना इथी. माह्या चुकीनं तुमचा पत्ता गेला, म्हणून स्वतः आली. पंप आणला हाय."

"आवाज कोणीही काढतं. मला आता कोणाचंच खरं वाटत नाही." तिचा आवाज फाटला.

असिस्टंटनं तिला उत्तर दिलं नाही. तिनं खाली बसून, दाराच्या फटीपाशी तोंड नेऊन पोरीला हाक मारली. हे त्या ठाणेदारांनी मला नंतर सांगितलं. आम्हाला फोनवर ऐकू आलं ते एवढंच:

"चिमणे, मांजरीनं पिल्लं देल्ली का गं? मागच्या फोनवर तू म्हणत होती, पोट मोठं झालं तिचं."

आतून शिट्टीसारखा श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला. आणि अडखळत, तुकड्यातुकड्यानं एक चिमुकला आवाज आला, "आई... ही तर... तारीखमावशी."

कडी निघाल्याचा आवाज झाला.

चिखलीच्या ठाण्यात वकीलबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझी महिला शिपाई, आठ वर्षांच्या नोकरीत कधी डोळ्यात पाणी न आणलेली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. नणंद जमिनीवर डोकं टेकून रडत होती. मी काय केलं ते मला आठवत नाही. ड्रायव्हर सांगतो, मी टेबलावर मूठ आपटून "शाब्बास!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडलो की लॉकअपमधले आरोपी गजांशी आले.

पोरीला पंप देऊन तडक सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दिवस मावळायच्या आत मी तिच्या आजोबांना फोन केला. नवरा मध्य प्रदेशात जाणाऱ्या बसमध्ये चढताना सापडला. अंगावर संत्र्याच्या बागेतले काटे तसेच होते. अपहरण, डांबून ठेवणं, तोतयेगिरी, साक्षीदाराला धमकावणं, सगळी कलमं लागली. बहिणीनं दंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब दिला. तिच्यावर कारवाई टळली नाही, पण तिच्या जबाबानं खटला पक्का झाला. आणि पक्षकार बाईनं ठरल्या तारखेला, आम्ही दिलेल्या बंदोबस्तात, कोर्टात उभं राहून न अडखळता साक्ष दिली.

अपहरणाच्या खटल्यात असिस्टंटचीही साक्ष होती. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एक गंमत झाली. वकीलबाई तोंडावरचा उन्हाचा रुमाल न सोडताच बाकावर बसून फोन लावत होत्या, "अगं, कुठं पोचलीस?" आणि शेजारी तसाच रुमाल बांधून बसलेल्या बाईच्या पिशवीत फोन वाजायला लागला. दोघी अर्ध्या तासापासून एकाच बाकावर बसल्या होत्या. मग त्या अशा काही हसल्या, अशा गळ्यात पडल्या, की कोर्टाच्या पट्टेवाल्यानं येऊन दोघींना गप्प केलं.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक रोकडी आहे. वकील असो, डॉक्टर असो, सनदी लेखापाल असो, एकट्यानं व्यवसाय करणाऱ्यानं लांबच्या मदतनिसाशी आधीच ठरवून ठेवावं की नव्या नंबरवरून कितीही घाईचा निरोप आला तरी जुन्या नंबरवर उलट फोन केल्याशिवाय कोणाची माहिती द्यायची नाही. त्या दोघींनी हा नियम दुसऱ्याच दिवशी केला. उरलेल्या नोकरीत मी तो प्रत्येक सभेत सांगितला.

दुसरी गोष्ट माझ्या पेशाची आहे. कोणी हरवलं की आम्ही पोलीस आधी विचारतो, शेवटचं पाहिलं कोणी? आमची सगळी भिस्त डोळ्यांवर. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही त्यांच्या नात्याला आम्ही ओळख म्हणतच नव्हतो. माझ्या जमादारांना ती बाई मशीन वाटली आणि मलाही ती आधी संशयितच वाटली. पण मालकिणीच्या घशाची चौकशी तिनं केली म्हणून गुन्हा उघडकीला आला, आणि एका पोरीला मांजरीची खबर विचारायची तिला सवय होती म्हणून बंद दार उघडलं. यातलं काहीच तिच्या कामात मोडत नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक तपासात आणखी एक प्रश्न विचारू लागलो: त्यांच्याशी रोज बोलायचं कोण?

निवृत्तीनंतर मी घरी बसलो नाही. संस्थांना, दुकानदारांना सुरक्षेचा सल्ला देतो. म्हणजे आता मीही एकट्यानं काम करणारा व्यावसायिक. भेटींच्या वेळा, पत्रव्यवहार, टायपिंग हे सगळं जळगाव जामोदहून होतं. हो, तीच बाई. ही आठवणही मी तिला फोनवर सांगितली आणि तिनं टाइप केली. शेवटपर्यंत आल्यावर तिकडची टायपिंगची टकटक एकदम थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई साहेब. एक विचारू? हे छापून आलं की त्या पोरीले पाठवू का?"

"लहान आहे अजून. तिच्या आईला वाचून दाखवू दे."

"लहान कुठची?" ती म्हणाली. "चौथीत गेली. आता सोताच वाचते."